साडेचार गिगाहर्ट्झच्या अलीकडे

ओव्हरक्लॉकिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोसेसर जळणार नाही ना? २०११ च्या सुमाराचा प्रोसेसर इतक्या सहज जळत नाही. मर्यादेपर्यंत तापला की तो आपला वेग आपणच उतरवतो, आणि त्यानंतरही तापत राहिला तर मशीन बंद पाडतो. त्याला आवरता येत नाही ती गोष्ट दुसरीच आहे. वेगाच्या भरात एखादी बेरीज चुकते आणि ती चुकल्याचं कुणालाच कळत नाही. मशीन चालू असतं, पडद्यावर सगळं ठीक दिसतं, आणि वर्षभराने जुन्या फोटोंच्या फोल्डरमधली एक फाइल उघडेनाशी होते. जुना डेस्कटॉप सुरक्षितपणे पळवायचा म्हणजे मुख्यतः ही न दिसणारी चूक हुडकायची. व्होल्टेज, पंखे, पेस्ट ही सगळी त्यासाठीची तयारी.

ज्या मशीनच्या अनुभवावरून हे लिहितो आहे ते नागपुरात, महालातल्या एका छोट्या स्टुडिओत आहे. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं यांचे व्हिडिओ संपादित करणारा एक तरुण ते चालवतो. इंटेलचा कोअर आय-५ २५००के प्रोसेसर, पी६७ चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि मागाहून बसवलेली एसएसडी. “नवं मशीन घ्यायचं आहेच भाऊ, पण आधी कॅमेऱ्याचे हप्ते फिटू द्या,” तो म्हणाला. एका लग्नाची पूर्ण फिल्म रेंडर व्हायला त्याला चार तास लागत. लग्नसराईत फिल्मांची रांग लागते, आणि रेंडर बहुतेक रात्रीच लावावा लागतो, कारण दिवसा त्याच मशीनवर कापाकापी चालू असते.

जुन्या मशीनमध्ये जीव ओतण्याआधी त्याला खरोखर कशाची कमतरता आहे ते पाहावं, असं माझं ठाम मत आहे. उघडायला वेळ लावणारं, फाइल शोधताना अडखळणारं मशीन हार्ड डिस्कमुळे रखडलेलं असतं. तिथे एसएसडी घातली की काम झालं, प्रोसेसरला हात लावायची गरज नाही. टायपिंग, हिशेब, बँकेची कामं यांसाठी ओव्हरक्लॉकिंग करू नये. रेंडरिंगचं तसं नाही. तिथे चारही कोअर तासन्‌तास पूर्ण भाराने राबतात आणि वेग जितका वाढेल जवळजवळ तितका वेळ कमी होतो. या तरुणाकडे एसएसडी होती, रॅम पुरेशी होती. अडत होतं ते प्रोसेसरपाशीच.

२५००के हा इंटेलच्या ‘सँडी ब्रिज’ पिढीतला. हैफा इथल्या इंटेलच्या केंद्रात या पिढीची रचना झाली आणि जानेवारी २०११ मध्ये ती बाजारात आली. चार कोअर, ३२ नॅनोमीटरची बांधणी, ९५ वॅटची उष्णता-मर्यादा. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, एकच कोअर कामात असेल तर टर्बोने ३.७ पर्यंत, चारही कामाला लागले तर ३.४. या वेगाचं गणित सोपं आहे. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचे मूळ ठोके देतो आणि प्रोसेसर त्यांना मल्टिप्लायरने गुणतो. ३३ ने गुणलं की ३.३, ४३ ने गुणलं की ४.३. नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर कंपनीने मोकळा ठेवलेला असतो. ‘के’ नसलेल्यात तो जवळपास बंदच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा नागपूरच्या सीताबर्डीला जुना माल घेणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रोसेसर ‘के’ असून भागत नाही, बोर्डही तसा लागतो. एच६१ चिपसेटचे बोर्ड आपल्याकडे वर्षानुवर्षं विकले गेले आणि आजही सर्रास मिळतात. त्यांवर हा मल्टिप्लायर वाढवता येत नाही. त्यासाठी पी६७, झेड६८ किंवा पुढच्या वर्षीचा झेड७७ हवा.

कंपनीला ४.३ चा वेग जमत होता तर तिने ३.३ च का विकला? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप तयार होतात आणि त्यांतल्या कुठल्याही दोन सारख्या निघत नाहीत. बागेतला हापूस उतरवल्यावर त्याची प्रतवारी करून पेट्या भरतात, तशी कारखान्यात प्रत्येक चिप तपासून तिचा वेग आणि व्होल्टेज ठरवतात. ठरवताना वाईटातली वाईट परिस्थिती धरलेली असते: कोंदट कॅबिनेट, सोबत येणारा लहानसा पंखा, डगमगती वीज, वर्षानुवर्षांचा वापर. या सगळ्याला पुरून उरेल इतकी मोकळीक चिपमध्ये राखलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ती मोकळीक खर्च करतो. त्यामुळे परिस्थिती सुधारण्याची जबाबदारी कंपनीकडून त्याच्याकडे येते.

हा उद्योग जुना आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये आलेला सेलेरॉन ३००ए मूळचा ३०० मेगाहर्ट्झचा. त्याचा मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद होता, पण ६६ मेगाहर्ट्झच्या बसवरून तो १०० वर नेला की थेट ४५० व्हायचा, म्हणजे त्याच महिन्यात आलेल्या महागड्या पेंटियम टू ४५० च्या बरोबरीला. पुढे २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड प्रोसेसरवरचे तुटक धातूचे ठिपके साध्या शिसपेन्सिलीने जोडून लोकांनी मल्टिप्लायर मोकळे केले. सेलेरॉनच्या काळातला एक धडा मला फार मोलाचा वाटतो. ज्यांनी बस १०० ऐवजी ८३ वर ठेवली त्यांनी खरं तर कमी वेग मागितला होता, तरी त्रास त्यांनाच जास्त झाला. १०० वर पीसीआयचा वेग तिसऱ्या हिश्शाने पुन्हा ३३ मेगाहर्ट्झवर यायचा. ८३ वर तो निम्म्याने ४१ च्या पुढे जायचा, आणि हार्ड डिस्कवर लिहिली जाणारी माहिती बिघडण्याचा धोका उभा राहायचा. प्रोसेसर ठणठणीत, आणि फाइली खराब. सँडी ब्रिजमध्येही मूळ १०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यांवर पीसीआय एक्सप्रेस आणि साटा अवलंबून असतात. ते १०० वरच ठेवावेत. ज्याला वेग हवा त्याच्यासाठी मल्टिप्लायर आहे.

चूक होते कशी, हे समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात. ४.३ गिगाहर्ट्झला एका ठोक्याला २३३ पिकोसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फार तर सात सेंटिमीटर जातो. या अवधीत संकेताला ट्रान्झिस्टरांच्या एका लांब साखळीतून पार व्हायचं असतं. साखळीच्या टोकाला पुढचा ठोका पडला की जे असेल ते टिपून घेतलं जातं. संकेत वेळेत पोचला नसेल तर जुनंच मूल्य टिपलं जातं, एकाच्या जागी शून्य. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पालटतात आणि संकेत वेळेत पोचतो. चिप तापली की बहुधा तो मंदावतो. व्होल्टेज वाढवलं की चिप तापते. सगळी कसरत या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

ती जागा किती अरुंद आहे ते आकड्यांत पाहू. चिप खाते ती वीज साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३.४ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट धरा आणि ४.३ ला १.२८. वेग २६ टक्क्यांनी वाढला, वीज ४४ टक्क्यांनी. आता ४.७ ला १.४२ व्होल्ट धरा. वेग मूळच्या तुलनेत ३८ टक्के जास्त, वीज मात्र ९४ टक्के जास्त, जवळजवळ दुप्पट. ४.३ पासून ४.७ पर्यंतच्या शेवटच्या नऊ टक्क्यांसाठी एक तृतीयांशाहून अधिक वीज आणि तितकीच जास्तीची उष्णता मोजावी लागते. व्होल्टेजचे आकडे चिपगणिक थोडे पुढेमागे होतील, पण चढ असाच असतो. २०११ च्या ऑगस्टमध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० द्रवरूप हेलियमने थंड करून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेला गेला, तो विक्रम होता. रोज सकाळी दुकान उघडणाऱ्याने अशा विक्रमांकडे पाहून आपलं व्होल्टेज ठरवू नये.

चिपचं आयुष्य प्रत्यक्षात व्होल्टेजच खातं. तांब्याच्या अतिबारीक तारांतून जास्त प्रवाह वाहू लागला की इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने धातूचे अणूच हळूहळू सरकतात. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात याचं समीकरण मांडलं: प्रवाह वाढला की आयुष्य घटतं, आणि तापमान वाढलं की ते फार झपाट्याने घटतं. ट्रान्झिस्टरांच्या आतला इन्सुलेशनचा पापुद्रा अणूंमध्येच मोजावा इतका पातळ असतो, तोही चढ्या व्होल्टेजने झिजतो. याचं उदाहरण खुद्द या प्रोसेसरच्या घरातच घडलं. बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता तोच, ३१ जानेवारी २०११ रोजी, इंटेलला पी६७ आणि एच६७ चिपसेटचा पुरवठा थांबवावा लागला. चिपसेटमधल्या एका पातळ पापुद्र्याच्या ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. त्यामुळे तीन गिगाबिटच्या साटा पोर्टांची कामगिरी काळानुसार ढासळणार होती. दुरुस्त आवृत्तीचं नाव बी३. जुना पी६७ बोर्ड घेताना तो बी३ आहे ना, हे आजही विचारावं. नसेल तर डिस्क फक्त सहा गिगाबिटच्या पोर्टांना लावाव्यात. २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, कारण मायक्रोकोड प्रसंगी अवाजवी व्होल्टेज मागत होता. कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्यांनी चिप घडवली त्यांचाही व्होल्टेजचा अंदाज चुकू शकतो, तेव्हा आपण ते मुठी भरभरून ओतू नये.

म्हणूनच मदरबोर्डवरची एका बटणाची ओव्हरक्लॉकिंगची सोय मला अजिबात पसंत नाही. कुठल्याही चिपवर आपला बोर्ड अडखळू नये म्हणून बोर्ड बनवणारे त्या बटणामागे भरपूर व्होल्टेज ठेवतात. ‘ऑटो’चंही तसंच. २५००के साठी रोजच्या वापरात १.३५ व्होल्टच्या वर जाऊ नये, आणि पंधरा वर्षांच्या चिपला १.३० च्या आत ठेवता आलं तर उत्तम, असा माझा दंडक आहे. रॅमचं व्होल्टेज १.५ असावं. जुन्या १.६५ व्होल्टच्या पट्ट्या या प्रोसेसरला लावू नयेत, कारण रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच आहे.

महालातल्या त्या स्टुडिओत बायॉस उघडण्याआधी कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा थर होता आणि तो ओलसर होता. नागपुरात उन्हाळ्यात खिडकीला डेझर्ट कूलर असतो. त्याची दमट हवा आणि धूळ हीटसिंकच्या पातींत बसली की तिची खपली धरते. ती ब्लोअरने निघत नाही, हीटसिंक काढून ब्रशने आणि पाण्यानेच धुवावा लागतो. जुनी पेस्ट सुकून पापडी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. सँडी ब्रिजच्या धातूच्या टोपणाखाली चिप डाखाने जोडलेली आहे, त्यामुळे उष्णता चटकन वर येते. पुढच्या आयव्ही ब्रिज पिढीत कंपनीने तिथे पेस्ट वापरली आणि त्या चिप जास्त तापू लागल्या. कंपनीचा छोटा पंखा काढून १२० मिलिमीटर पंख्याचा उभा कूलर बसवला. मशीनही खिडकीच्या कूलरच्या झोतातून बाजूला घेतलं.

वीज पुरवणाऱ्या डब्याने, एसएमपीएसने, मात्र आम्हाला थांबवलं. मशीनसोबत आलेला, दशकाहून जुना. भार नसताना १२ व्होल्टच्या तारेवर मीटर १२.०५ दाखवत होता, पूर्ण भार दिला की ११.५. नियमाप्रमाणे पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ पर्यंत चालतं. पण मूळ वेगालाच तो सीमेला टेकला होता आणि आम्ही त्याच्याकडून आणखी वीज मागणार होतो. त्याच्या आतले कपॅसिटर वयाने सुकत जातात. अस्थिर मशीनचं खापर लोक प्रोसेसरवर फोडतात, तो बिचारा या डब्यामुळे बदनाम होतो. नवा एसएमपीएस येईपर्यंत काम थांबलं. यूपीएसही तपासला, कारण ६०० व्हीएच्या यूपीएसला प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच झेपतात आणि ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर, डिस्क सगळे त्यातच आले.

मग मूळ वेगालाच रॅमची रात्रभर परीक्षा घेतली. मेमटेस्ट८६+ मध्ये एकही चूक आली असती तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर बायॉसमध्ये मल्टिप्लायर ४० केला, व्होल्टेज ऑफसेट पद्धतीने बांधलं. ऑफसेटचा फायदा असा की मशीन रिकामं असताना वेग १.६ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि व्होल्टेजही सोबत उतरतं. ठरावीक व्होल्टेज लावलं तर ते दिवसभर तिथेच राहू शकतं. भार आला की व्होल्टेज थोडं खाली झुकतं, ते सावरण्यासाठी बोर्डावर ‘लोड-लाइन कॅलिब्रेशन’ असतं. ते मधल्या पायरीवर ठेवलं. सगळ्यात वरच्या पायरीवर भार सुटताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसतही नाही. इथून पुढे एकेक पायरी. मल्टिप्लायर एकाने वाढवायचा, अर्धा तास भार द्यायचा, तापमान पाहायचं, वहीत लिहायचं. ती वही तरुणाने स्वतः घातली, त्याच्या शूटिंगच्या तारखांच्या वहीच्याच मागच्या पानांवर.

भार देण्यासाठी प्राइम९५ वापरतात, आणि त्यामागची गोष्ट मला आवडते. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन प्रकारच्या मूळसंख्या शोधण्याचा प्रकल्प सुरू केला. जगभरच्या लोकांची मशीनं एकेका संख्येवर कित्येक दिवस गणित करतात, आणि त्यात एक बिट चुकला तरी सगळी मेहनत वाया. त्यामुळे प्रोग्राममध्ये स्वतःची उत्तरं पडताळण्याची सोय मुळातच होती. गणितज्ञांची ही गरज पुढे ओव्हरक्लॉकिंगवाल्यांची कसोटी झाली. उत्तर जिथे पूर्णांक यायला हवं तिथे अपूर्णांकाची तफावत वाढली की प्रोग्राम थांबतो आणि त्या कोअरचं काम बंद करतो. ब्लू स्क्रीन येण्याच्या कितीतरी आधी हे कळतं.

४.४ पर्यंत सगळं सरळ गेलं. ४.५ ला १.३४ व्होल्ट लागले, प्राइम९५ रात्रभर चाललं, सकाळी तापमानही मर्यादेत होतं. तरुण खूश होता. “झालं ना भाऊ? रातभर चाललं म्हणजे पास.” विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगितला. त्यात डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाने, क्रमांक १९ च्या नोंदी होत्या. प्रोसेसरच्या आत पॅरिटीची चूक झाली, प्रोसेसरने ती पकडली आणि दुरुस्त केली, असा त्यांचा अर्थ. दुरुस्त झाली म्हणून मशीन पडलं नाही. पण चिपच्या प्रत्येक भागाला असा पहारा नाही. या प्रोसेसरला चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅमही चालत नाही. पकडलेल्या चुका दिसतात तिथे न पकडलेल्या असणारच, असं धरून चालावं. अशा वेळी बहुतेक जण व्होल्टेज आणखी एक घर वाढवतात आणि नोंदी थांबल्या की समाधान मानतात. मी तसं करत नाही. चिपने आपली सीमा कुठे आहे ते सांगितलेलं असतं. तिथून दोन पायऱ्या मागे यावं. आम्ही ४.३ वर आलो, १.२८ व्होल्टवर.

आणि मग त्याच्याच सामानाने परीक्षा घेतली. जुन्या लग्नाचं कित्येक गिगाबाइटचं फुटेज सेव्हन-झिपने एका फाइलीत बांधायचं आणि पुन्हा उलगडून तपासायचं. प्रत्येक फाइलीची आकडेमोड जुळते की नाही ते प्रोग्राम सांगतो. दिवसा काम, रात्री ही तपासणी, असं आठवडाभर चाललं. एकही फाइल चुकली नाही, १९ क्रमांकाची एकही नोंद आली नाही. या सगळ्या काळात मूळ फुटेजची एक प्रत मशीनला न जोडलेल्या डिस्कवर ठेवली होती. ज्याच्याकडे अशी प्रत नाही त्याने हा लेख वाचून बायॉस उघडू नये, असं मी कळकळीने सांगतो. दुसऱ्याच्या लग्नाचं फुटेज पुन्हा मिळत नाही.

परदेशी मार्गदर्शिकांत न सापडणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे विदर्भाचा मे महिना. कूलर कितीही चांगला असला तरी तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्या हवेपेक्षा किती अंश वर ठेवायचं एवढंच त्याच्या हाती. हे काम जानेवारीत केलं. खोलीत २२ अंश होते, पूर्ण भाराला सगळ्यात तापलेला कोअर ६४ वर होता, म्हणजे ४२ अंशांची चढण. मे महिन्यात दुपारी डेझर्ट कूलर चालू असूनही त्या खोलीत ३८ अंश असतात. तीच चढण धरली तर ८०. या प्रोसेसरची सीमा ९८ ची. १८ अंश हाताशी राहतात. ४.७ वर वीज एक तृतीयांशाने वाढली असती, चढण ५६ ची झाली असती आणि मे महिन्यात आकडा ९४ च्या घरात गेला असता. थंडीत पास झालेलं मशीन उन्हाळ्यात का बिघडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं.

आता त्याची चार तासांची फिल्म तीन तास दहा-पंधरा मिनिटांत निघते. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींवरच्या २०१८ च्या दुरुस्त्यांनी जुन्या प्रोसेसरचा काही वेग खाल्ला होता, तोही यात भरून निघाला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या चिपला अधिकृतपणे घेत नाही. म्हणून मशीन इंटरनेटपासून तोडलं आहे, फुटेज कार्डावरून येतं आणि डिस्कवरून जातं. बायॉसमध्ये दोन प्रोफाइल साठवून ठेवले आहेत. एक ४३ चा. दुसरा ४० चा, १.२० व्होल्टचा, तो एप्रिलच्या मध्याला लावायचा आणि पाऊस लागला की काढायचा. वहीच्या मागच्या पानावर त्याने तो ‘उन्हाळी’ म्हणून लिहिला आहे, आणि त्याखाली पुढच्या वर्षी पेस्ट बदलण्याचा महिना.